पलंगाखालून राजाच्या पंक्तीला

आजचं वाचन: २ शमुवेल ९
सोबत वाचा: २ शमुवेल १९:२४-३०, रोम. ८:१५



आपल्यापैकी बरेच जण एक प्रश्न मनात दाबून ठेवतात. तारण मिळालं, बाप्तिस्मा झाला, दर रविवारी उपासनेला जातो. मग देवाजवळ जाताना अजून भीती का वाटते? एखादं पाप घडलं की आता आपल्याला बाहेर काढणार, असं का वाटत राहतं? आणि मग त्याहून मोठी शंका येते: आपला विश्वासच खोटा असेल का?

आजच्या अध्यायात असाच एक घाबरलेला माणूस भेटतो. मफीबोशेथ. शौलाचा नातू, योनाथानाचा मुलगा. शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली तेव्हा तो ५ वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला (२ शमु. ४:४). पुढे तो यार्देनेच्या पलीकडे, लो-दबार गावात, माखीर नावाच्या माणसाच्या घरी राहिला. त्या काळी नवा राजा गादीवर आला की जुन्या राजाच्या वंशजांचं काय व्हायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे हा माणूस लपून राहिल्यासारखाच जगत असणार.

आणि एक दिवस राजाचं बोलावणं येतं. तो दावीदापुढे पालथा पडतो. दावीद आधी त्याची भीती काढतो, मग सांगतो की तुझ्या आजोबांची जमीन तुला परत मिळेल आणि तू रोज माझ्या पंक्तीला जेवशील. त्यावर मफीबोशेथ स्वतःला काय म्हणतो? मेलेलं कुत्रं! (वचन ८)

हे वचन मला नीट कळलं ते आमच्या खारीमुळे. खारी म्हणजे आमची रेस्क्यू केलेली देशी कुत्री, रंग अगदी खारी बिस्किटासारखा. कानाला नसबंदीची खाच, मागच्या पायावर जुन्या जखमेचा वण. घरी आणली त्या दिवशी ती थेट पलंगाखाली गेली. मऊ गादी, स्वच्छ पाणी, चिकन-भात, सगळं बाहेर होतं. ती मात्र भिंतीला चिकटून. आम्ही झोपल्यावर यायची, घाईघाईने खायची, परत आत. केरसुणी उचलली तरी अंग चोरायची. पोळीचा तुकडा दिला की सोफ्याच्या मागे नेऊन लपवायची. उद्या मिळेल याची तिला खात्रीच नव्हती!

रेस्क्यूवाले ३-३-३ चा हिशेब सांगतात. पहिले ३ दिवस धास्तीचे, ३ आठवडे घराची रीत कळायला, ३ महिने घर आपलं वाटायला. हा ठोकताळा आहे. एखाद्या कुत्र्याला वर्षही लागतं. पण त्यांनी एक गोष्ट बजावली होती: तिला ओढून बाहेर काढू नका. जमिनीवर बसा, टक लावून बघू नका, जेवणाची वेळ चुकवू नका. बाकी ती बघेल.

आता विचार करा. पलंगाखाली असताना खारी आमची नव्हती का? होती. दत्तकाच्या कागदावर सही झाली त्याच दिवशी ती घरची झाली. तिला ते कळायला वेळ लागला, इतकंच. आमच्या कामात असं रोज दिसतं. डेटाबेसमध्ये रेकॉर्ड अपडेट झालेलं असतं, पण स्क्रीनवर जुनाच डेटा दिसतो, कारण कॅश अजून साफ झालेली नसते. खरं काय? डेटाबेसमध्ये आहे ते. रोम. ८:१५ मध्ये पौल हेच शिकवतो. आपल्याला परत भीतीत नेणारा गुलामीचा आत्मा नाही, तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, आणि त्याच्यामुळे आपण देवाला बाप म्हणून हाक मारतो. भीती रेंगाळते म्हणून दत्तकपण रद्द होत नाही.

मफीबोशेथचंही तसंच. दावीदाने त्याला बोलावलं ते त्याची लायकी पाहून नाही, योनाथानाशी केलेल्या करारामुळे (१ शमु. २०:१४-१७). आपल्यालाही पिता दुसऱ्या कोणामुळे तरी जवळ करतो, ख्रिस्तामुळे. आणि हे लक्षात घ्या: या एका अध्यायात राजाच्या पंक्तीला जेवण्याचा उल्लेख ४ वेळा येतो. शेवटच्या वचनात तर पंक्तीचा उल्लेख आहे आणि लगेच, तो दोन्ही पायांनी लंगडा होता, हेही आहे. पाय बरे झाले नाहीत, तरी जागा पक्की राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे अबशालोमाच्या बंडात दावीदाला यरुशलेम सोडावं लागतं. सीबा मफीबोशेथविरुद्ध चहाडी करतो, आणि दावीद शहानिशा न करता सगळी जमीन सीबाला देऊन टाकतो. दावीद परततो तेव्हा मफीबोशेथ भेटायला येतो. राजा गेल्यापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. दावीद जमीन वाटून घ्यायला सांगतो. तो म्हणतो, सगळी सीबालाच घेऊ द्या, राजा सुखरूप घरी आला ना, झालं तर!

पाहा, किती बदलला हा माणूस! आधी राजाला घाबरणारा, आता राजासाठी झुरणारा. हे एका रात्रीत झालं नाही. रोजच्या पंक्तीने झालं.

इथे दाखला थोडा तोकडा पडतो, तेही सांगतो. दावीद चहाडीला फसला. आपल्यावर आरोप होतो तेव्हा आपला राजा येशू स्वतः आपली बाजू मांडतो (१ योहान २:१). आणि आपण पाळीव प्राणी नाही, लेकरं आहोत.

आज एवढंच करा. भीती गेल्यावर प्रार्थना करीन, असं म्हणू नका. भीतीसकट १० मिनिटं बसा. उद्या परत बसा. आणि तुमच्या मंडळीत कोणी नवीन, बुजरं, मागच्या बाकावर बसणारं असेल, तर त्याला साक्ष द्यायला पुढे ओढू नका. शेजारी बसा, चहा विचारा, पुढच्या रविवारीही विचारा.

प्रार्थना: हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला तुझ्या पंक्तीला बसवलं आहेस म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या मनात जी भीती अजून लपून बसली आहे, ती तुला ठाऊक आहे. तिच्याशी तू धीराने वाग, आणि आम्हांलाही एकमेकांशी तसंच वागायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.