दहा पावलांवरची बॅग

माझी स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, ऐंशी मीटर खाली फरच्या झाडांत आडवी पडली होती आणि तिचं इंजिन अजून धडधडत होतं. मी वर, कंबरभर बर्फात. हातात काही नाही, पाठीवर काही नाही. फावडं, बर्फात खुपसून माणूस शोधायची काठी, कोरडे हातमोजे, वॉकीटॉकी, पाणी, खाणं, सगळं त्या स्लेडच्या मागे बांधलेल्या नव्या कोऱ्या बॅगेत. आदल्या रात्री ती बॅग भरताना मी स्वतःवरच खूश झालो होतो.

ही गोष्ट ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकची, फेब्रुवारीतली. कॅल्गरीहून रॉजर्स पास ओलांडून चारेकशे किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. वर बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज ही स्नोमोबाइलवाल्यांची पंढरी. मी मूळचा नाशिकचा. स्नोमोबाइलवर पहिल्यांदा बसलो तो गुलमर्गला, चालवणाऱ्याच्या पाठीमागे, फोटोपुरता. कॅल्गरीत आल्यावर ऑफिसातल्या मंडळींचा नाद लागला आणि दुसऱ्या हिवाळ्यात जुनी माउंटन स्लेड विकत घेतली.

खरं तर मी सह्याद्रीत पंधरा वर्षं भटकलेला. टॉर्च आपल्या खिशात, सॅक आपल्या पाठीवर, पाण्याला जातानाही ती खाली ठेवायची नाही, हे हाडीमासी भिनलेलं. पण बुडाखाली दीडशे अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि शहाणपण सुटलं. ओझं वाहायला गाडी असताना आपली पाठ कशाला मोडायची?

आम्ही चौघे होतो. उतार आडवा कापत जाताना माझा तोल गेला, खालच्या बाजूची स्की बर्फात रुतली, मी हात सोडले. स्लेड दोन कोलांट्या खाऊन घळीत गेली. बाकीचे तिघे डोंगरकडेच्या पलीकडे. हाक पोचेना, फोनला रेंज नाही. ऐंशी मीटर म्हणजे आपल्याकडे गल्लीच्या टोकाशी जाण्याएवढं अंतर. त्या भुसभुशीत बर्फात मला चाळीस मिनिटं लागली. घामानं आतून भिजलो, बर्फानं बाहेरून.

खाली पोचलो तर पेट्रोलचा भपकारा. जास्तीच्या पेट्रोलचा कॅन मी त्याच बॅगेत कोंबला होता. उलटापालट होताना त्याचं झाकण सैल झालं आणि पिसांचं जाकीट, हातमोजे, पराठे, सगळं पेट्रोलात न्हालं. ज्या कपड्यांनी ऊब द्यायची, ते अंगाला लावायच्या लायकीचे राहिले नाहीत.

मित्र परतले. आमच्यातला सर्वांत जुना, साठी उलटलेला, जन्म लाकडाच्या गिरणीत काढलेला. त्यानं आधी मला आपले कोरडे हातमोजे दिले, मग इंजिन बंद केलं. रागावला नाही. म्हणाला, "तू वाचलास हे ठीकच. पण मी वरच्या उतारावर गाडला गेलो असतो, तर तू मला कशानं उकरणार होतास?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे दोन तास खणून, दोर लावून स्लेड बाहेर काढली आणि अंधारात, उरल्यासुरल्या पेट्रोलवर खाली आलो. त्या प्रश्नातून जे शिकलो ते नव्यानं स्लेड घेणाऱ्यांसाठी इथे मांडतो.

आधी दोन ढीग करा

दुकानात गेलात की बॅगा, कॅन, पट्टे, खोकी यांची रांग दिसते आणि माणूस विचारतो, "यात मावतं किती?" विचारायला हवं ते वेगळंच: गाडी माझ्यापासून तुटली तर माझ्याजवळ काय उरेल? घरी जमिनीवर सगळं सामान मांडा आणि दोन ढीग करा. माणसाला वाचवणारं ते अंगावर, गाडीला वाचवणारं ते गाडीवर. यात तडजोड नाही.

अंगावरचा ढीग

पहिला ट्रान्सीव्हर, ज्याला सगळे बीकन म्हणतात. ४५७ किलोहर्ट्‌झवर तो सतत संदेश पाठवत राहतो आणि गाडलेल्या माणसापर्यंत साथीदारांना नेतो. तो जाकिटाच्या आत, त्याच्या पट्ट्यांत, अंगाशी हवा. फोन, कॅमेरा, तापणारे हातमोजे अशी विजेवर चालणारी साधनं त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवा, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा बीकन चालू आहे की नाही हे एकमेकांनी तपासायचं.

दुसरं फावडं, धातूच्या पात्याचं. कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, प्लॅस्टिकचं पातं त्यावर मोडतं. तिसरी शोधकाठी, किमान २४० सेंटिमीटरची, जमल्यास ३०० ची. या दोन्ही वस्तू पाठीवरच्या सॅकमध्ये. १० मिनिटांच्या आत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की हाती लागतात ते बहुतेक मृतदेहच. बचाव पथकाचं हेलिकॉप्टर कितीही वेगानं आलं तरी एवढ्यात येत नाही. म्हणजे वाचवणार ते शेजारचा मित्र आणि त्याच्या पाठीवरचं फावडं.

सॅक घ्यायचीच तर हवेच्या पिशवीची घ्या. मूठ ओढली की पिशवी फुगते. घमेल्यात वाळू हलवली की मोठे खडे वर येतात, त्याच न्यायानं फुगलेला माणूस वाहत्या बर्फात वरच्या थरात राहण्याची शक्यता वाढते. पण मांडीतून जाणारा पट्टा लावला नाही तर सॅक अंगावरून ओढून निघते. सकाळी मूठ बाहेर काढायची राहिली तर ऐन वेळी सापडत नाही. सिलिंडर भरलेला आहे का, हे घरीच पाहा. आणि झाडावर आपटलात तर ही पिशवी फारशी कामाची नाही.

उरलेलं खिशात: उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र, डोक्याला बांधायचा दिवा, लायटर, चाकू, कोरड्या हातमोज्यांची एक जोडी, चिक्कीसारखं थंडीत दगड न होणारं खाणं. वॉकीटॉकी सॅकच्या पट्ट्यावर, बोलायचं बटण हनुवटीजवळ. आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली. मी ती हँडललाच लटकवून ठेवली होती. ती जाकिटाला असती तर मी पडल्याक्षणी इंजिन थांबलं असतं.

गाडीवरचा ढीग

ड्राइव्ह बेल्ट, स्पार्क प्लग, पाने-पकडी, ओढायचा दोर, घडीची करवत, तार आणि चिकटपट्टी. हे हरवलं तर गाडी डोंगरात राहील, माणूस नाही.

हे ठेवायला बॅग लहानच घ्या. बॅग मोठी घेतली की संसार वाढतो. ट्रॅकवरचं, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या फिरत्या पट्ट्यावरचं, जे पत्र्याचं आच्छादन असतं, टनेल म्हणतात त्याला, त्याच्या रुंदीबाहेर बॅग जाऊ देऊ नका, नाहीतर उतार कापताना तीच बर्फात अडकते. जड वस्तू सीटच्या बाजूला, हलक्या मागे. मागच्या टोकाला वजन गेलं की पुढच्या स्की हलक्या होतात आणि खोल बर्फात ट्रॅक जागच्या जागी खड्डा खणत बसतो. टनेलच्या पत्र्यातून इंजिनचं गरम पाणी फिरत असतं, त्यामुळे वरचा बर्फ वितळून बॅगेचा तळ ओला होतो. आत जलरोधक पिशवी हवीच. बॅग गाडीच्या कंपनीनं दिलेल्या खाचांत पक्की बसवा. रबरी दोऱ्यांवर भरवसा नको, उलटल्यावर त्या पहिल्या सुटतात.

हँडलजवळची छोटी बॅग चष्म्यासाठी छान. तिच्यात पाने-पकडी ठेवू नका. पुढे फेकले गेलात तर छाती तिच्यावरच आपटते.

पेट्रोल आणि रिझर्व्ह

आपल्या पिढीला बाइकची रिझर्व्हची कळ आठवत असेल. गाडी गचके द्यायला लागली की पायाशी हात घालून ती फिरवायची आणि गुपचूप पंप गाठायचा. रिझर्व्हवर कोणी लोणावळ्याला निघत नसे. डोंगरात तोच नियम. सोबतचं पेट्रोल आणखी एक कडा पाहण्यासाठी नसतं, परत येण्यासाठी असतं.

माउंटन स्लेडच्या टाकीत साधारण ४० लिटर मावतं. सपाट केलेल्या वाटेवर ते पुरून उरतं, पण ताज्या, खोल बर्फात वाट फोडताना काटा डोळ्यांदेखत खाली येतो. म्हणून किलोमीटर मोजू नका, टाकी मोजा. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश अडचणीला. एवढं पाळलं तर बहुतेक दिवशी कॅन लागतच नाही.

लांबचा बेत असेल तर आठ-दहा लिटर पुरे. दहा लिटर म्हणजे साडेसात किलोच्या आसपास वजन, तेही शेपटीवर. कॅन इंधनासाठीच बनवलेला हवा, पक्क्या चौकटीत कुलपासारखा बसणारा. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे नकोत. काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा. वर गेल्यावर बाहेरचा हवेचा दाब कमी झालेला असतो, तेव्हा झाकण हळूहळू उघडा. झाकणातली रबरी चकती दर हिवाळ्यात पाहा. माझी तडकलेली होती. कपडे आणि खाणं यांच्याबरोबर पेट्रोल कधीही नको, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये तर मुळीच नको.

एक युक्ती त्या गिरणीवाल्या म्हाताऱ्याची: टाकीत जागा झाली की कॅन लगेच रिता करायचा. वजन शेपटीवरून गाडीच्या पोटात येतं आणि गळायला काही उरत नाही. ओतताना इंजिन बंद, आणि हात उघडे नकोत. उणे २० अंशांतही पेट्रोल पातळच असतं. ते त्वचेवर सांडलं की उडून जाताना उष्णता ओढून घेतं आणि बोटं बघता बघता गोठतात.

पिशवीत न मावणारं

२०१० च्या मार्चमध्ये याच बोल्डर माउंटनवर स्लेडवाल्यांच्या मेळाव्यावर हिमकडा कोसळला. दोघे गेले, तीसएक जखमी झाले. वर स्लेड चढत होत्या आणि खाली, बर्फ येऊन थांबतो त्याच जागी, बघ्यांची गर्दी होती. सामान कितीही भारी असलं तरी उभं कुठे राहायचं ते शिकावंच लागतं.

अॅव्हलांच कॅनडाचं मुख्यालय रेव्हलस्टोकमध्येच आहे. हिवाळ्यात त्यांचा हिमप्रपाताचा अंदाज रोज येतो, पाच पायऱ्यांचा. तो वाचल्याशिवाय ट्रेलर जोडू नका. त्यांच्या प्राथमिक शिक्षणक्रमाला दोन दिवस द्या. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक, तिथे एका वेळी एकच स्लेड. कोणी वर अडकला तर त्याला सोडवायला दुसऱ्यानं चढायचं नाही. दुसऱ्या गाडीचं वजन तोच उतार मोडू शकतं. थांबायचं ते उताराच्या पायथ्यापासून दूर, स्लेडची तोंडं बाहेरच्या दिशेला करून.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळींतला सांगलीचा एक पोरगा पहिल्यांदा बरोबर आला. त्याच्या स्लेडवर ढोलासारखी बॅग. माझी जुनी बॅगच समोर उभी राहिल्यासारखं वाटलं. पार्किंगमध्ये मी त्याला म्हटलं, "किल्ली दे, आणि गाडीपासून दहा पावलं चालत जा."

तो गेला आणि वळून उभा राहिला.

"आता समज, मी या बर्फाखाली आहे. काढ मला."

"दादा, फावडं बॅगेत आहे. आणतो की."

"बॅग घळीत गेली."

तो हसला. मी हसलो नाही. क्षणभर त्यानं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग गाडीकडे आला आणि मुकाट्यानं बॅगेची चेन उघडून फावडं पाठीवरच्या सॅकमध्ये घालू लागला.