पकडणं सोपं, सोडवणं महाग : चुन्याच्या निवळीपासून चिमणीपर्यंत



चुन्याच्या निवळीचा प्रयोग आपण सगळेच घेतो. खायचा चुना पाण्यात ढवळायचा, निवळू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी ग्लासात घेऊन नळीने हळू फुंकायचं (ओढायचं नाही!). पाणी दुधाळ होतं. प्रयोग संपल्यावर एका मुलाने विचारलं, "मॅडम, थर्मलच्या चिमणीले हे पानी लावलं तर?"

आपल्या माजरीत हा प्रश्न साधा नाही. कितीतरी मुलांचे वडील वेकोलिच्या खाणीत कामाला आहेत. घर कोळशावर चालतं आणि पुस्तक सांगतं की कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते. अशा मुलांना "शास्त्रज्ञ काहीतरी करतील" एवढं उत्तर पुरत नाही.

आधी हिशोब करू

१२ किलो कार्बन पूर्ण जळताना हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. म्हणजे हा वायू रोज हजारो टन बाहेर पडतो.

निवळी का चालत नाही?

चुना या वायूला घट्ट धरून ठेवतो. दोघांचा मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे जो चुनखडीत असतो तोच पदार्थ. त्यातून चुना परत मिळवायचा तर तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो आणि पकडलेला वायू पुन्हा सुटतो. गडचांदूर, आवारपूरकडच्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत चुनखडी अशीच भाजली जाते. म्हणून सिमेंट बनवताना निघणारा निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नाही, तर दगडातूनच येतो.

मग कोणतं पाणी हवं?

जे पकडेल, पण थोड्या उष्णतेने सोडेलही, असं. फरशी पुसायचा फडका आठवा. पाणी टिपलं, पिळलं, फडका पुन्हा तयार. असं काम करणाऱ्या द्रवाला द्रावक म्हणतात. सर्वात परिचित द्रावक म्हणजे अमाइन गटातल्या रसायनाचं पाण्यातलं मिश्रण. ते साधारण ४० अंशांना धुरातला कार्बन डायऑक्साइड धरतं आणि सुमारे १२० अंशांना तापवलं की सोडतं. द्रावक थंड करून पुन्हा वापरतात. सुटलेला वायू दाबून खोल जमिनीखाली साठवतात किंवा कारखान्यात वापरतात.

खरा खर्च या 'पिळण्या'चा आहे. तापवायला लागणारी वाफ त्याच वीज केंद्रातून घेतली, तर तेवढी वीज कमी तयार होते. शिवाय धुरातल्या इतर वायूंमुळे द्रावक हळूहळू खराब होतं.

वर्गातली कृती

थंड सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. झाकणं काढून लगेच तोंडावर फुगे बसवा. एक बाटली थंड पाण्यात, दुसरी कोमट पाण्यात ठेवा. कोमट पाण्यातल्या बाटलीचा फुगा जास्त फुगतो. (बंद बाटली कधीही तापवू नका.) सोड्यात वायू नुसता विरघळलेला असतो, अमाइनशी मात्र त्याची रासायनिक क्रिया होते. तरी 'उष्णतेने पकड सुटते' हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

हे कुठे सुरू आहे?

तमिळनाडूत तुतिकोरिनच्या एका सोडा कारखान्यात कोळशाच्या बॉयलरचा वायू द्रावकाने पकडून त्यापासून धुण्याचा सोडा बनवतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता वर्षाला ६०,००० टन आहे. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल वीज केंद्रात एनटीपीसीने २०२२ मध्ये दिवसाला २० टनांचा प्रकल्प उभारला. पवईच्या आयआयटी मुंबईतही या विषयाचं राष्ट्रीय केंद्र आहे. आता मुलांना विचारा, कुठे २० टन आणि कुठे हजारो टन?

एक गोष्ट जरूर स्पष्ट करा. कपड्यांवर बसणारी काळी धूळ वेगळी आणि न दिसणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. द्रावक लावलं म्हणून खाणीची, रस्त्याची धूळ कमी होणार नाही.

त्या मुलाला मी सांगितलं, "तुझी कल्पना बरोबर आहे, फक्त पाणी बदलावं लागेल. कमी उष्णतेत सोडणारं आणि स्वस्त द्रावक अजून शोधलं जातंय." खाणीतल्या बापाच्या कामाला कमी न लेखता आणि धुराचं सत्य न लपवता एवढं नक्कीच शिकवता येतं. तुमच्या वर्गातही करून बघा.