यातला कोणता आकडा तू मोजलास?

बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले, तेव्हा आण्णा अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. म्हणाले, "आता कॉलेज उघडंपतूर काय?" मी म्हणाले, "रिसर्च करणार." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उसाच्या बिलातले ८ हजार माझ्या हातात ठेवले. ते मी एका ऑनलाइन इंटर्नशिपला भरले.

सहा आठवड्यांचा कार्यक्रम होता. विषय त्यांनीच दिला, नॅनोकणांनी पाणी शुद्ध करण्याचा. नॅनोकण तर सोडाच, ते ठेवलेली बाटलीसुद्धा मी पाहिली नव्हती. काम काय, तर दहा-बारा शोधनिबंध उतरवून घ्यायचे, वाक्यं इकडची तिकडं फिरवायची आणि जोडून द्यायची. शेवटी आम्हा अकरा जणांच्या नावानं एक लेख कुठल्याशा नियतकालिकात आला. छापणावळ वेगळी. प्रमाणपत्राला सोनेरी काठ होता. आईनं ते लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. याला फसवणूक म्हणणार नाही मी. जे कबूल केलं ते सगळं त्यांनी दिलं. मागितलं काय पाहिजे, हेच मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षाला पुण्यात गेले. तिथल्या एका सरांच्या प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून ती फाइल घेऊन उभी राहिले. त्यांनी लेख चाळला आणि शांतपणे विचारलं, "यातला कोणता आकडा तू मोजलास?" मी गप्प. ते रागावले नाहीत, "पुढच्या वर्षी ये" म्हणाले. जिना उतरताना मला आण्णांनी मोजून दिलेल्या नोटा आठवत होत्या.

हे सगळं त्याच उन्हाळ्यात का घडतं, ते नंतर कळलं. बोर्डाचे पेपर मार्चमध्ये संपतात आणि बीएस्सीचे वर्ग भरायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. या चार-पाच महिन्यांत विज्ञानाच्या पोराला कुणी वाली नसतो. इन्स्पायरची शिबिरं अकरावीतल्यांना, तीही दहावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आणि तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, हे दोन्ही कॉलेजात पाय ठेवल्यानंतरचं. केव्हीपीवाय ही विज्ञानाची शिष्यवृत्ती १९९९ साली सुरू झाली होती, ती २०२२ मध्ये गुंडाळली. शाळेचं दार मागं बंद झालेलं, कॉलेजचं अजून उघडायचं, आणि मधल्या ओट्यावर प्रमाणपत्रं विकणारे बसलेले. त्यामुळं कुठं पैसे भरायला सांगितले, की आधी एकच विचारायचं. मी काय मोजणार, कशानं मोजणार आणि माझी वही कोण तपासणार? उत्तरात 'प्रमाणपत्र' हा शब्द सगळ्यात आधी आला तर फोन ठेवून द्यायचा.

दुसरी चूक फुकटातली. त्याच उन्हाळ्यात मी ४० प्राध्यापकांना ईमेल पाठवली होती. मजकूर एकच, 'आदरणीय सर, मला संशोधनाची मनापासून आवड आहे.' उत्तर एकाचं आलं. त्यांनी लिहिलं होतं, की तुम्ही ज्यांचं नाव घातलंय ते मी नव्हे.

आमच्याकडं शिकायचं म्हणजे किर्लोस्करवाडीला गाडीत बसायचं. विज्ञान पुण्याकडं असतं, गावात असतो तो ऊस आणि द्राक्षं, असा माझाही समज. खरं तर २००२ च्या पावसाळ्यात उसावरचा लोकरी मावा राज्यात पहिल्यांदा दिसला तो सांगली जिल्ह्यातच. फवारून फवारून लोक थकले. शेवटी तो आटोक्यात आणला त्यालाच खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या किडींनी. उसाचं पान उलटं करून शत्रू कुठला नि मित्र कुठला हे शेतकरी ओळखायला शिकले, आणि मित्रकिडी पानासकट एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन सोडू लागले. मी मात्र नॅनोकण शोधत बसले होते.

पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आले, तेव्हा आमच्या ओढ्याकडच्या खालच्या रानाला मीठ फुटलं होतं. मे महिन्यात तिथली ढेकळं पांढरी दिसतात, खोडवा गुडघ्याच्या वर जात नाही. कृष्णाकाठच्या गावांत हे नवं नाही. पाणी भरपूर, निचरा नाही, मग खालचे क्षार वर येतात. चुलतभावाकडं द्राक्षाच्या फवारणीचं पाणी तपासायला क्षार दाखवणारं पेनाएवढं ईसी मीटर होतं, ते मागून आणलं. बांधापासून ओढ्यापर्यंत दहा-दहा पावलांवर खुणा केल्या, वीतभर खोल माती काढली, सावलीत वाळवली, पिठाच्या चाळणीनं चाळली. आईनं ती चाळणी परत घेतली नाही. २० ग्रॅम माती सोनाराच्या काट्यावर तोलायची, ५० मिली पाण्यात ढवळायची, निवळू द्यायची आणि पेन बुडवायचं.

पहिल्या दिवशी सगळेच आकडे जास्त आले, बांधाकडचेसुद्धा. संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला. मी विहिरीचं पाणी वापरलं होतं, आणि त्यातच क्षार होते. दुसऱ्या दिवशी पंपाच्या दुकानातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं नि सगळं पुन्हा केलं. आता बांधाला ०.४, मध्यावर ०.९, ओढ्याला २.६. पुस्तकात लिहिलेलं, ईसी ४ च्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त. मी आण्णांना सांगून टाकलं, "रान चांगलं आहे."

आण्णा हसले. त्या ढेकळांकडं बघून कुणीही हसलं असतं. मग मी वही घेऊन मातीच्या एका जाणत्या शास्त्रज्ञांकडं गेले. यावेळी 'आवड आहे' म्हणाले नाही. आकडे पुढं केले आणि विचारलं, "रान पांढरं आहे, मग आकडा लहान का?" त्यांनी खुर्ची ओढून दिली. ४ ची ती रेघ माती पाण्यानं नुसती संपृक्त करून काढलेल्या अर्काची. मी एकास अडीच पाणी घालून क्षार पातळ केले होते. या पद्धतीत एकच्या आत असेल तरच निर्धास्त राहायचं. म्हणजे आमचं मधलं रानसुद्धा काठावर आलं होतं. तासभर त्यांनी माझी वही वाचली, एके ठिकाणी खाडाखोड केली होती तिथं थांबून म्हणाले, "चुकलेला आकडा खोडू नकोस. एक रेघ मार, बाजूला कारण लिही."

त्या वर्षी पुण्यातल्या सरांकडं तीच वही नेली, पिठाचे डाग पडलेली. जागा मिळाली.

हे सगळं मला वर्षभर आधी, ८ हजारांच्या दहाव्या भागात करता आलं असतं. तुमच्याकडं क्षारपड रान नसेल तर विहिरीच्या पाण्याची पातळी असेल, आंब्याचा मोहोर असेल, दिव्याखाली येणारे किडे असतील. रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीनं, दोन महिने मोजा. मोजताना पहिला प्रश्न अडला की त्या विषयाच्या माणसाकडं जा, त्याच्या आधी नको. जवळचं कॉलेज चालेल, कृषी संशोधन केंद्र चालेल. आपल्या जिल्ह्यात कसबे डिग्रजला आहे. फोनवर नेमकं काय अडलंय तेवढंच सांगा. मुलींच्या घरी एकटीनं पाठवायला का-कू होईल. तेव्हा आईला किंवा भावाला सोबत न्या, त्यात कमीपणा नाही. माझ्याबरोबर आण्णा आले होते आणि निम्मे प्रश्न त्यांनीच विचारले.

आता मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ओढ्याकडचं रान अजून पुरतं सुधारलेलं नाही, त्यामुळं मोजणी चालूच आहे. पुढची एप्रिलमध्ये, पेपर संपल्यावर. ज्यांना यायचं त्यांनी या. शंभर पानी वही आणि घरातली एक जुनी चाळणी घेऊन या.