सेन्स पिनवरचे झटके

प्रश्न : एल२९८ चिपवर मोटर चालवताना करंटचं वाचन मधेच उसळतं. सेन्स पिन कशी सांभाळावी?

उत्तर : या पिनची सहनमर्यादा उणे १ ते २.३ व्होल्ट, म्हणजे तशी नाजूकच. पहिला संशय रेझिस्टरवर घ्यावा. दुकानात सहज मिळणारा पांढरा, तार गुंडाळलेला रेझिस्टर इथे नको. चिपची डेटाशीटही तसंच बजावते. गुंडाळलेली तार म्हणजे इंडक्टन्स आलाच; २० नॅनोहेन्री इंडक्टन्समधून ५० नॅनोसेकंदांत २ अँपिअर बदलले, की ०.८ व्होल्टचा झटका तयार!

०.५ ओहमचा एसएमडी रेझिस्टर आखूड, जाड ट्रेसने सप्लायच्या निगेटिव्हजवळ ग्राउंड करावा.

मोटरचा सगळा करंट याच पिनमधून वाहतो, म्हणून फिल्टर तिच्या सिरीजमध्ये घालू नये. १ किलोओहम-१ नॅनोफॅरडची जोडी एडीसीच्या वाटेवर, कंट्रोलरला चिकटून बसवावी. बाहेरचे फास्ट डायोड मात्र हवेतच. चिपमध्ये ते नसतात.