नेटला दोष देण्याआधी

तेल्हाऱ्यात बसून सर्व्हर सांभाळणाऱ्याचा पहिला संशय नेटवर जातो. वीज गेली असेल, कुठं फायबर तुटलं असेल. कारणं हाताशीच असतात. शेतकऱ्यांना बाजारभावाचे एसएमएस पाठवणाऱ्या एका प्रणालीत हेच झालं. तूर-सोयाबीनचे भाव आले की रांगेत संदेशांचा ढीग पडे आणि अधूनमधून सगळंच हँग होई. एरर नाही, सीपीयू थंड, वर्कर जिवंत. पण सर्व्हर तर मुंबईत होता! इथल्या नेटचा त्याच्याशी संबंधच काय?

शेवटी चालू पायथन प्रोग्रॅमच्या आत डोकावणाऱ्या पाय-स्पायनं वर्करचा स्टॅक काढला. प्रत्येक वेळी तो डेटाबेसच्या क्वेरीवर उभा दिसला.

कामांची रांग सेलरीची, ती कामं चालवणारा वर्करचा पूल जीइव्हेंटचा. जीइव्हेंट एकाच थ्रेडमध्ये शेकडो कामं चालवतं. उत्तराची वाट बघणारं काम बाजूला होतं, दुसरं पुढे येतं. त्यासाठी ते पायथनचे सॉकेट, थ्रेड, एसएसएल काढून तिथं स्वतःचे बसवतं. पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारी सायकोपीजी२ मात्र सी भाषेतल्या लिबपीक्यूवर उभी आहे, तिथवर हा बदल पोचतच नाही. एक क्वेरी रेंगाळली की अख्खा वर्कर तिच्यापायी खोळंबतो. यावर उपाय सायकोपीजी२ला जीइव्हेंटशी जुळवणारा सायकोग्रीन. पण तो लावल्यावर जोडण्या मोजा: शंभरावर कामं एकदम डेटाबेसकडे धावू शकतात आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा साधारण 100 जोडण्यांचीच असते.

दुसरी अडचण क्रमाची. जीइव्हेंटचा पूल सेटिंगच्या फाइलमध्ये लिहू नका, वर्कर सुरू करण्याच्या कमांडमध्येच द्या. सेलरीच्या माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट बजावलंय, कारण फाइल वाचेपर्यंत बाकीच्या लायब्ररी लोड झालेल्या असतात आणि जीइव्हेंटचा वरचा बदल, म्हणजे पॅच, उशिरा बसतो. एसएसएलच्या कोडमध्ये रिकर्शन एरर दिसली, तर आधी हेच तपासा.

शंका आली की तीच कामं प्रीफोर्क पूलवर, म्हणजे वेगवेगळ्या प्रक्रियांत, चालवून बघा. तिथं सुरळीत चालली, तर दोष बहुधा लायब्ररींच्या जुळणीत आहे. आणि माझं स्पष्ट मत, सगळ्या कामांना एकच पूल लावण्याचा हट्टच नको. भाव साठवायचं काम प्रीफोर्कच्या रांगेत ठेवा, एसएमएस गेटवेशी बोलणं जीइव्हेंटच्या वेगळ्या रांगेत.