एका निबंधाचें पुनर्लेखन

रामवाडीहून शाळेंत येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें यंदा ‘सरकार आणि आपली माहिती’ या विषयावर निबंध लिहिला. विषय त्यानें स्वतःच निवडिला होता, आणि त्याची तळमळही खरी होती. परंतु पहिलेंच वाक्य असें होतें : ‘आधुनिक युगांत सर्वत्र सर्वांवर पाळत ठेवली जात असून स्वातंत्र्य धोक्यांत आलें आहे.’ मीं त्यास तीनच प्रश्न विचारले. कोण ठेवितो? कोणावर? कशासाठीं? त्यास उत्तर देतां येईना. ‘ठेवली जाते’ या रचनेंत कर्ता पडद्याआड राहतो. आणि ज्या विषयांत कर्ता कोण हाच मुख्य प्रश्न, तेथें असें कसें चालावें?

मग आम्ही ‘पाळत’ या शब्दाकडे वळलों. लोकमान्य टिळकांच्या हालचालींवर ब्रिटिश सरकारचे गुप्त पोलीस नजर ठेवीत, ती पाळत. शिरगणतीचा कारकून दारीं येऊन घरांतील माणसें लिहून नेतो, ती नोंद. पहिलींत एका विशिष्ट माणसाविषयीं संशय असतो, दुसरींत तो नसतो. आमच्या विद्यार्थ्यानें दोहोंस एकच शब्द योजिला होता. (शब्दकोश जवळ नव्हता, ही सबब मी मानीत नाहीं, घरच्या वडील माणसांस विचारावें.)

शेवटच्या परिच्छेदांत मात्र एक वाक्य दडलेलें सांपडलें : ‘माझ्या आजीच्या बोटांचे ठसे शेतांत राबून झिजले आहेत, म्हणून रेशनच्या दुकानांतील यंत्र तिला ओळखीत नाहीं.’ हें कोणत्याही पुस्तकांतून आलेलें नव्हतें. तें आरंभीं घे, असें मीं सांगितलें. तो म्हणाला, “पण सर, ही पाळत कुठें? इथें तर सरकारला आजी दिसतच नाहीं!”

त्याची शंका रास्त होती. “मग आजीचा आणि पाळतीचा संबंध कोठें येतो, तें शोधून लिही,” इतकेंच मीं म्हटलें. दुसऱ्या खर्ड्यांत त्यानें लिहिलें तें असें :

‘आधार क्रमांक देण्यास २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं आरंभ झाला. आजी यंत्रावर बोट ठेवते, तेव्हां ओळख पटविण्याची एक नोंद होते. एका नोंदीनें कांहीं बिघडत नाहीं. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, तर माणूस केव्हां कोणत्या यंत्रापुढें उभा राहिला याचा माग लागूं शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें आधार कायदा बव्हंशीं कायम राखला. मात्र या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवूं नयेत, असें सांगितलें.’

पहिल्या खर्ड्यांतील ‘सर्व माहिती कायमची सांठविली जाते’ हें वाक्य यामुळें गळालें. तें भारदस्त असल्यानें त्यास थोडें वाईट वाटलें. मला वाटलें नाहीं.

हा खर्डा त्यानें आजीस वाचून दाखविला. पहिला तिनें मुकाट्यानें ऐकला होता. या वेळीं मध्येंच थांबवून तिनें विचारलें, “सहा महिन्यांनीं पुसतात म्हणतोस, तें पुसलं कीं नाहीं हें कोण बघतं?” तें वाक्य त्यानें निबंधाच्या अखेरीस घातलें. मीं त्यास हात लाविला नाहीं.