नर्सिंगचा फॉर्म भरण्याआधी दवाखाना आतून पाहा

बारावीचा निकाल लागला की शिरड शहापूरला काय आणि इतर गावांत काय, आपल्या वस्तीत एकच चर्चा सुरू होते: पोरीला नर्सिंगला घालायचं का? विचार चांगला आहे. पण हातउसने करून फी भरली आणि पोरगी वॉर्डातलं रक्त, पू, बेडपॅन पाहून महिन्याभरात घरी परतली, असंही आम्ही पाहिलं आहे. चूक तिची नव्हती. दवाखाना आतून कसा असतो, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा पहिले विद्यार्थी नौदलात रुग्णसेवा केलेले होते. आजही तिथली अनेक कॉलेजं प्रवेशाआधी रुग्णसेवेचा अनुभव मागतात. आपल्याकडे एएनएम (२ वर्षे), जीएनएम (३ वर्षे) किंवा बीएस्सी नर्सिंगला (४ वर्षे) अशी अट नाही. म्हणून तो अनुभव आपणच मिळवायचा.

तो मिळतो, याचा दाखला जामखेडचा आहे. १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथल्या खेड्यांतल्या अल्पशिक्षित बायकांना, त्यात दलित बायकाही होत्या, आरोग्याचं काम हाताला धरून शिकवलं.

कुठे शिकाल?

१) प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा औंढा नागनाथचं ग्रामीण रुग्णालय : वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या, लेखी परवानगी घ्या. केसपेपर काढणं, वजन-उंची घेणं, रुग्णाला धरून नेणं यापासून सुरुवात करा.

२) आशाताईंसोबत : अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस, पोलिओचा बूथ. बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील तर लगेच दवाखाना गाठायचा.

३) १४ एप्रिलचं रक्तदान शिबिर : नोंदणीला बसा, रक्तदात्यांना पाणी-बिस्किट द्या. रक्त पाहून आपल्याला काय होतं, ते तिथेच कळतं.

४) घरी : अंथरुणाला खिळलेल्या आजीची कूस दर दोन तासांनी बदलणं, तिला भरवणं, अंग पुसणं. हीच नर्सिंगची बाराखडी आहे.

काय करायचं नाही?

शिक्षण आणि नोंदणी नसताना इंजेक्शन, सलाईन हातात घेऊ नका. 'ये, आठ दिवसांत सुई मारायला शिकवतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. काम सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस घ्या. चुकून सुई टोचली तर जखम पिळू नका; साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या लागल्या तर त्या लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात.

आणखी एक. साफसफाईची लाज नाही. पण बाकीच्यांना शिकवतात आणि आपल्या पोरीच्या हातात रोज फक्त झाडू देतात, असं दिसलं तर स्पष्ट विचारा. जातीवरून वाटलेलं काम म्हणजे अनुभव नव्हे.

रोज वहीत लिहा: तारीख, किती तास, काय पाहिलं, काय जमलं नाही. रुग्णाचं नाव मात्र लिहू नका, वस्तीत सांगूही नका.

दोन-तीन महिने झाले की मुलीलाच विचारा, जमेल का? ती 'हो' म्हणाली तर सीईटीची तयारी करा. जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढा. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते पाहूनच फी भरा. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना, दोन्हींची चौकशी करा. ती 'नाही' म्हणाली तर रागावू नका. कर्ज वाचलं आणि तिचं वर्षही वाचलं.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्यातच त्या गेल्या. रुग्णाला हात लावायला न घाबरणं हा आपला वारसा आहे. तो नीट शिकून पुढे नेऊ या. जय भीम!